प्रार्थनेच्या वहीत रॉइसचं नाव

बादलीत ब्रश उभा ठेवला की झाकण बसत नाही. हे मी मॅक्सीनला चौदा वर्षं सांगते आहे आणि चौदा वर्षं ती ब्रश उभाच ठेवते आहे. त्या सोमवारी सकाळी चर्चच्या तळघरात आम्ही दोघी साठ बादल्या भरायला बसलो होतो. तळाशी कचऱ्याच्या जाड पिशव्या, त्यावर रबरी हातमोजे, साबणाची बाटली, कपडे वाळत घालायची दोरी, चिमटे, फडकी आणि सगळ्यात वर आडवा ब्रश. कुठं पूर आला, वादळ आलं की आमच्या मंडळीची पिवळ्या सदऱ्यांची तुकडी निघते. लोकांच्या घरातला चिखल उपसायचा, भिजलेल्या भिंती फोडून बाहेर काढायच्या, राहिलेलं घर धुऊन द्यायचं, घरमालकाबरोबर प्रार्थना करायची आणि परत यायचं. तुकडीचा म्होरक्या डेल्बर्ट. बादल्या माझ्याकडे. प्रार्थनेची वही मॅक्सीनकडे, आणि ती वही तिच्या हातून काढून घ्यायची हिंमत आजवर एकाही पाळकाला झालेली नाही.

"व्हर्लीन, तू आजारी आहेस का गं?" मॅक्सीननं विचारलं.

"नाही."

"मग मला ओरडली का नाहीस? सात बादल्यांत ब्रश उभा घातलाय मी. मुद्दाम."

मी सातही बादल्या पुन्हा उघडल्या.

"काल संध्याकाळी तू हात वर केलास," ती म्हणाली. "मनातला विषय म्हणून. एवढ्या वर्षांत तू कधी मनातला विषय दिला नाहीस. तू तर सगळं उभी राहून बोलतेस."

आमच्याकडे ही एक सोय आहे. ज्याला आपली अडचण चारचौघांत सांगायची नाही त्यानं नुसता हात वर करायचा. मॅक्सीन वहीत त्याचं नाव लिहिते, पुढची ओळ मोकळी सोडते आणि सगळी मंडळी त्या मोकळ्या ओळीसाठी प्रार्थना करते. देवाला काय ते ठाऊक असतंच. मॅक्सीनला ठाऊक नसतं, आणि तिचा जीव त्यात अडकून पडतो.

"मनातला म्हणजे मनातला," मी म्हटलं.

"बरं बाई. मी कुठं विचारतेय?" तिनं एक बादली भरली, झाकण दाबलं, आणि मग म्हणाली, "डॉक्टरांनी काही सांगितलंय का?"

मनातला विषय रॉइस होता. माझा मुलगा, एकुलता एक, वय चाळीस. शुक्रवारी पूर्वेकडच्या डोंगरात ढगफुटी झाली आणि टॉलिव्हर नावाच्या गावातून नदी आरपार गेली. त्या गावात रॉइस राहत होता, ओढ्याच्या काठी, भाड्याच्या घरात. दर रविवारी दुपारी चार वाजता त्याचा फोन यायचा. त्या रविवारी चार वाजले, पाच वाजले, फोन आला नाही. मी केला तर लागेना. बेपत्ता माणसांसाठी पोलिसांनी दिलेला नंबर मी झोपेपर्यंत फिरवत होते. शेवटी एका मुलीनं उचलला, नाव लिहून घेतलं, म्हणाली, कळलं की कळवू. रॉइस टॉलिव्हरला राहतो हे आमच्या मंडळीत कुणालाच माहीत नव्हतं, आणि मला ते सांगता येत नव्हतं, कारण मी त्याला शब्द दिला होता.

सहा वर्षांपूर्वी रॉइस आमच्याच गावात शाळेची बस चालवायचा. चांगली चालवायचा, पोरं उतरताना त्याला टाळी देऊन उतरायची. पण घरी गेला की प्यायचा. हे मला माहीत नव्हतं, किंवा खरं सांगायचं तर मला माहीत करून घ्यायचं नव्हतं. एका उन्हाळ्याच्या सुट्टीत तो मासे धरायला जातो म्हणून महिनाभर गेला आणि दुसऱ्या राज्यातल्या व्यसनमुक्ती केंद्रात राहून आला. ऑक्टोबरातल्या एका मंगळवारी माझ्या स्वयंपाकघरात बसून, घेवडा आणि मक्याचा पाव खाता खाता, खाली मान घालून म्हणाला, "आई, चार महिने झाले, थेंब घेतला नाही. फक्त तुला सांगतोय." मी त्याचं डोकं छातीशी धरून रडले. इतका आनंद मला त्याच्या जन्माच्या वेळीसुद्धा झाला नव्हता.

दुसऱ्या दिवशी बुधवार होता. बुधवारच्या प्रार्थनासभेत पाळक विचारतात, आज कुणाला प्रभूचे आभार मानायचे आहेत? आणि मी उभी राहिले. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही हे मला मान्य आहे, पण त्या दिवशी मी चुगली करत नव्हते. देवानं एवढं दिल्यावर आभार मानायला उभं न राहणं म्हणजे आमच्याकडे कृतघ्नपणा. मी म्हणाले, माझ्या रॉइसला प्रभूनं दारूतून सोडवलं, चार महिने झाले. सगळे आमेन म्हणाले. डेल्बर्टनं डोळे पुसले. मॅक्सीननं वहीत लिहिलं, आणि रविवारच्या छापील पत्रकात 'आभार' या सदराखाली रॉइसचं नाव आलं.

त्या पत्रकाची एक प्रत सोमवारी शाळेच्या कचेरीत पोचली. कुणी नेली ते मला आजही माहीत नाही. ज्यांची पोरं त्या बसनं जायची ते विचारू लागले, म्हणजे चार महिन्यांपूर्वी हा पिऊन गाडी चालवत होता का? कधीच नाही, रॉइस म्हणाला, आणि ते खरं होतं. पण पंधरा दिवसांत त्याची नोकरी गेली. त्याच्यासाठी आमेन म्हणणाऱ्यांपैकी तिघे शाळेच्या समितीवर होते, त्यांनी त्याला काढायच्या बाजूनं मत दिलं. त्यातल्या एकीनं मला नंतर केक आणून दिला.

"माझी चांगली गोष्ट होती ती," रॉइस अंगणात उभा राहून मला म्हणाला. घरात यायला तो तयार नव्हता. "माझ्याकडं तेवढी एकच होती. ती तू वाटून टाकलीस."

मग तो गाव सोडून गेला. दोन वर्षं त्याचा पत्ता नव्हता. एका रविवारी चार वाजता फोन वाजला आणि तो म्हणाला, मी बोलतोय. दर रविवारी बोलेन म्हणाला, पण एक अट. "त्या चर्चमध्ये माझं नाव घ्यायचं नाही. मी कुठं राहतो, काय करतो, बरा आहे, वाईट आहे, काही नाही. माझ्यासाठी प्रार्थना करायची असेल तर तुझ्या स्वयंपाकघरात कर. देवाला तिथूनही ऐकू येतं." मी शब्द दिला आणि चार वर्षं पाळला. कुणी विचारलं, रॉइस कसा आहे, की मी म्हणायचे, मजेत, आणि त्यांच्याच सुनेचा विषय काढायचे. रविवारची ती दहा मिनिटं हाच माझा सगळा संसार होता. त्याची कुत्री, त्याचे टोमॅटो, लाकूड कापायच्या गिरणीतलं त्याचं काम, तिकडची हवा. तेवढ्यावर मी पुढचा आठवडा काढायचे.

म्हणून रविवारी संध्याकाळी डेल्बर्टनं उपासनेनंतर उभं राहून सांगितलं की शुक्रवारी पहाटे तुकडी टॉलिव्हरला निघणार, तेव्हा मी बाक घट्ट धरून बसले. मला तोंड उघडावंच लागणार नव्हतं. पिवळा सदरा घालून, फावडं घेऊन मी त्याच्या गावात जाणार होते, आणि एकदा तिथं पोचल्यावर मी त्याला शोधून काढलं असतं. देवानं माझा शब्दही राखला आणि वाटही दिली, असं मला वाटलं. सोमवारी दुपारी धनुर्वाताचं इंजेक्शन घेताना मी नर्सशी गप्पा मारल्या.

मंगळवारी चर्चच्या आवारात डेल्बर्ट नव्या लोकांना धडे देत होता. तो सत्तर वर्षांचा आहे आणि मी त्याला पहिलीपासून ओळखते.

"चिखलातून निघालेली कुठलीही वस्तू मालकाला विचारल्याशिवाय टाकायची नाही," तो सांगत होता. "फुटकी बशी असली तरी. तुमच्यासाठी तो कचरा आहे, त्यांच्यासाठी ते घर आहे. आणि कुणाला उपदेश करू नका. विचारलं तर बोला. नाहीतर फावडं चालवा. आणखी एक, ठिकाण बदललंय. आपण ग्रेज मिल गावाला जातोय."

"टॉलिव्हरचं काय झालं?" मी विचारलं.

"अलीकडचा पूल वाहून गेला. तिकडं जायचं तर डोंगराला दोन तासांचा वळसा. टॉलिव्हरला पलीकडची तुकडी जाईल."

"मग वळसा घालू."

"का गं? चिखल तो चिखल. टॉलिव्हरचा काय गोड आहे?"

"तू आधी टॉलिव्हर म्हणाला होतास."

"आठवीत मी तुझ्याशी लग्न करतो असंही म्हणालो होतो."

"आणि बघ, वाचलास."

सगळे हसले, मीही हसले. मग मी फडकी आणते म्हणून तळघरात गेले, दिवा न लावता बादल्यांच्या मधोमध उलट्या खोक्यावर बसले आणि सगळं गमावल्यासारखी रडले. ग्रेज मिल आणि टॉलिव्हर यांच्यामध्ये अख्खा डोंगर आहे.

बुधवारी दुपारी रेडिओवर सांगितलं की टॉलिव्हरमध्ये नऊ मृतदेह मिळाले. सातांची नावं सांगितली. दोघांची ओळख पटलेली नाही म्हणाले, त्यातला एक पुरुष, वय अंदाजे चाळीस.

मी रेडिओ बंद केला आणि स्वयंपाकघरात बसून राहिले. पोलिसांच्या नंबरावर फोन केला, तर या वेळी पुरुष होता, त्याला रॉइसचं नाव यादीत सापडेना. मी प्रार्थना करायला लागले तर मला शब्द सुचेनात. मला दुसरंच काही दिसत होतं. त्या डोंगरातल्या प्रत्येक छावणीत, शाळेत, चर्चच्या हॉलमध्ये आमच्याच पंथाच्या दुसऱ्या मंडळ्यांतला कुणी ना कुणी पिवळा सदरा उभा असतो. मॅक्सीननं फोन उचलला तर तासाभरात पाच जिल्ह्यांत नाव पोचतं. पोलिसांची ती मुलगी कळवणार होती. मॅक्सीन शोधून काढणार होती. रॉइस जिवंत असेल तर मी शब्द मोडल्यावर तो मला सोडेल. मेला असेल, तर हा शब्द मी कुणासाठी पाळते आहे? आणि कुठं छपराखाली अडकून वाट बघत पडला असेल तर? त्या तिसऱ्या विचारानं माझा ताबा सुटला.

साडेसहाला प्रार्थनासभा होती. बाहेर अजून लख्ख ऊन होतं. पाळक आमचे तरुण आहेत, दोन वर्षांपूर्वी आलेले, त्यांना जुनं काही माहीत नाही. त्यांनी विचारलं, आज कुणाचे प्रार्थनाविषय आहेत? कुणाचं ऑपरेशन, कुणाच्या नातवाची परीक्षा, असं चाललं होतं. मी उभी राहिले.

"माझा मुलगा रॉइस टॉलिव्हरला आहे," मी म्हटलं. "ओढ्याच्या काठी राहतो. शुक्रवारपासून त्याचा पत्ता नाही."

दुसरं अक्षर बोलले नाही. तेवढं भान मी ठेवलं.

मग पाळक म्हणाले, "मिस व्हर्लीन, तुम्ही आधी का नाही सांगितलंत?"

"त्यानं नको म्हटलं होतं."

मॅक्सीननं माझ्याकडं पाहिलं. सोमवारपासूनचं सगळं तिच्या चेहऱ्यावरून गेलं. मग तिनं वही उचलली, पर्समधून फोन काढला आणि व्हरांड्यात गेली. पाठोपाठ डेल्बर्ट गेला. दहा मिनिटांत अर्धी मंडळी फोनवर होती आणि उरलेली माझ्याभोवती. कुणी माझे हात धरले, कुणी नुसतंच पाठीवर हात ठेवून उभं राहिलं. केक आणणारीसुद्धा होती, आणि ती खरोखर रडत होती. माझे किती तरी राग आहेत या लोकांवर, पण त्या तासाला मला माझी मंडळी जिवापाड आवडली. पाच दिवसांनी मी पहिल्यांदा पोटभर श्वास घेतला.

डेल्बर्ट आत येऊन म्हणाला, "ग्रेज मिल गेलं खड्ड्यात. मी वरच्यांशी बोललो. आपण टॉलिव्हरला जातोय. वळसा तर वळसा."

"डेल्बर्ट, तो..."

"असेल तसा आणू, व्हर्लीन."

गुरुवारी सकाळी आम्ही ट्रेलर भरत होतो. साठ बादल्या, फावडी, पाण्याचे पंप, बुरशीचं औषध, बूट. मी काल रात्री डोळा मिटला नव्हता, पण हात चालू होते आणि हात चालू असले की मी उभी राहू शकते. अकराच्या सुमाराला डेल्बर्टचा फोन वाजला. त्यानं ऐकलं आणि ट्रेलरच्या पायरीवर मटकन बसला. मला वाटलं, झालं.

"जिवंत आहे," तो म्हणाला. "शाळेत आहे. तिथल्या छावणीत. हा घे, तोच आहे."

आवारात एकच गलका झाला. मी फोन घेऊन ट्रेलरच्या मागं गेले.

"आई?"

आवाज घोगरा होता, पण त्याचाच होता.

"मी बरा आहे. पायाला चार टाके पडलेत, बाकी काही नाही. कुत्री पण आहे. घर उभं आहे, पण खिडकीपर्यंत चिखल."

"फोन का नाही केलास रे?"

"माझा फोन नदीत गेला. इथं एकच चालतो, त्याची यादी केलीय. आधी ज्यांची पोरं सापडत नाहीत ते, मग म्हातारी माणसं. माझा नंबर आज दुपारी होता, यांनी मला मधेच पुढं घेतलं."

आज दुपारी. मी ट्रेलरच्या पत्र्याला कपाळ टेकलं. पत्रा उन्हानं तापला होता.

"आई, यांना कसं कळलं?"

"मी सांगितलं."

"चर्चमध्ये?"

"हो. काल. फक्त नाव आणि गाव, रॉइस. दुसरं काही नाही. एक शब्द नाही."

त्याच्या मागं पोरांचा कालवा ऐकू येत होता.

"इथं एक पिवळ्या सदऱ्याचा माणूस आहे," तो म्हणाला. "त्यानं सकाळी भोंग्यावर माझं नाव पुकारलं. मी हात वर केला, तर धावत आला आणि मिठी मारली. सगळ्यांच्या देखत म्हणाला, भावा, प्रभूनं तुला दारूतून सोडवलं, आता पुरातूनही सोडवलं. चांगला माणूस आहे, आई. रडत होता. माझा मुकादम शेजारच्या खाटेवर होता. गिरणीतले सगळे इथंच आहेत."

मला उमगलं काय झालं ते. मॅक्सीननं वही मागं उलटली होती. कुठला रॉइस, हे परक्या माणसांना नीट कळावं म्हणून तिनं सहा वर्षांपूर्वीची ओळ शोधून, वाचून दाखवली होती. चांगल्या मनानंच. आमच्यात वाईट मनानं कुणी काही करत नाही.

"इथं कुणाला माहीत नव्हतं," रॉइस म्हणाला. "मी सांगणार होतो. कधीतरी. माझं मी."

"मला वाटलं तू मेलास रे."

"माहीत आहे. मला मुलगा असता तर मीही हेच केलं असतं बहुतेक. मी रागावलेलो नाही."

त्यानं ते अगदी शांतपणे म्हटलं, आणि तेच मला सहन झालं नाही. रॉइसचा राग मला माहीत आहे. तो चढतो, दोन वर्षं राहतो आणि उतरतो. हे काहीतरी वेगळं होतं, दमलेल्या माणसाचं.

"आम्ही उद्या निघतोय," मी घाईघाईनं म्हटलं. "टॉलिव्हरलाच. डेल्बर्ट म्हणतो पहिलं घर तुझंच घ्यायचं. अकरा जण आहोत. दोन दिवसांत चिखल काढू, भिंतींना बुरशी धरायच्या आत."

"येऊ देत," तो म्हणाला. "हात पाहिजेतच. एकट्यानं नाही होणार. प्रार्थना म्हणतील तर तीही ऐकेन. पण तू नको येऊस."

"रॉइस."

"तू त्यांच्यात उभी असलेली मला नाही बघवणार, आई. माझ्या घरात नाही."

"बरं," मी म्हटलं. आणखी काय म्हणणार होते? "मग रविवारी?"

"नको."

"पुढच्या रविवारी?"

"आई, मागं लोक थांबलेत," तो म्हणाला, आणि फोन बंद झाला.

मी तिथंच उभी राहिले. पत्र्यापलीकडं सगळे गात होते, डेल्बर्टचा बेसूर आवाज सगळ्यांच्या वर. माझा मुलगा जिवंत होता. चार टाके पडलेले दोन पाय घेऊन तो जमिनीवर उभा होता, आणि त्यासाठी मी रांगत टॉलिव्हरपर्यंत गेले असते. एक दिवस थांबले असते तर तो रविवारसारखाच माझ्याशी बोलला असता. दोन्ही खरं होतं, आणि कुठलं आधी रडावं ते मला कळत नव्हतं.

तोंड पुसून मी पुढं आले. सगळ्यांना वाटलं हे आनंदाचे अश्रू आहेत, आणि ते काही अगदी खोटं नव्हतं.

"काय म्हणाला?" डेल्बर्टनं विचारलं.

"या म्हणाला. हात पाहिजेत म्हणाला."

पुन्हा गलका झाला. मॅक्सीन माझ्या गळ्यात पडली. तिचा चेहरा रडून रडून लाल झाला होता. मला तिला ढकलून द्यावंसं वाटलं आणि मी तिला तशीच धरून उभी राहिले.

"तुझी पिशवी मी गाडीत पुढच्या सीटवर ठेवलीय," ती म्हणाली. "आणि ऐक, आमचं सगळ्यांचं ठरलंय. दार तू वाजवायचं. आम्ही मागं थांबणार."

सगळेच माझ्याकडं बघत होते. खरं कारण सांगायचं तर रॉइसची आणखी एक गोष्ट त्यांच्या हातात द्यावी लागली असती. त्यांनी ती प्रेमानं घेतली असती, उद्या त्याच्या घरी पोचल्यावर त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले असते, आईला माफ कर रे बाबा.

"मला नाही यायला जमणार," मी म्हटलं. "गुडघा."

"गुडघा?" डेल्बर्ट म्हणाला.

"मघाशी पायरीवर मुरगळला. चिखलात नाही उभं राहवणार."

"अगं मग काम नको करू. गाडीत बसून चल. पोराला बघ तरी."

"आठ तास बसवणार नाही, डेल्बर्ट. सुजायला लागलाय."

मॅक्सीननं माझ्याकडं बराच वेळ पाहिलं. तिला कळलं असं मला एकदा वाटलं. मग तिनं पर्समधून वही काढली आणि पेनाचं टोपण दातात धरलं.

"कुठला?"

मी तेवढा विचार केलेला नव्हता. "डावा," मी म्हटलं.

पाळक म्हणाले, "मिस व्हर्लीन, बसा तुम्ही." कुणीतरी आतून खुर्ची आणली. मला तिच्यावर बसवलं आणि सगळे भोवती गोळा झाले. डेल्बर्ट माझ्यासमोर खडीवर गुडघे टेकून बसला. त्याला स्वतःला उठताना दोन माणसं लागतात. त्यानं माझ्या डाव्या गुडघ्यावर हात ठेवला, त्यावर मॅक्सीननं ठेवला, मग बाकीच्यांनी, ज्यांचे हात पोचले नाहीत त्यांनी पुढच्याच्या खांद्यावर ठेवले.

"हे प्रभू," डेल्बर्ट म्हणाला, "तू हिचा मुलगा हिला परत दिलास. आता या आईला त्याच्यापर्यंत जाऊ दे. पायात बळ दे. उद्या नको, आत्ता दे. हा गुडघा आत्ता, इथंच बरा कर."

"आमेन," सगळे म्हणाले. मीही म्हणाले.

त्यांनी हात काढले. डेल्बर्टनं वर पाहिलं. डोळे पाण्यानं भरलेले, आणि त्यांत एवढी आशा होती की मला खाली बघावं लागलं.

"काही फरक वाटतोय का?" त्यानं विचारलं.

मी पाय पुढं केला, एकदा वाकवला, पुन्हा सरळ केला.

"नाही," मी म्हटलं.